माइल्स कोणाचे, द्यावेत कोणाला: स्वत्व, दान आणि फळ

नेहमीच्या प्रवाशाला विमान कंपनी उड्डाणागणिक जे माइल्स देते, ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात द्यावेत की नाही, हा प्रश्न वरवर निव्वळ व्यवहाराचा दिसतो. त्याच्या पोटात मात्र तीन जुने प्रश्न आहेत. मिळालेली वस्तू खरोखर कोणाची? जे पुरतेपणी आपले नाही त्याचे दान होते का? आणि एकाने केलेल्याचे फळ दुसऱ्याला पोचते का? मीमांसकांनी, स्मृतिकारांनी आणि महाभारताने या तिन्हींवर बराच खल केला आहे. आजच्या विमान कंपन्यांच्या नियमपुस्तकात जे तुटक हुकूम वाटतात, त्यांतल्या काहींमागची कारणे त्या जुन्या चर्चेत सापडतात. काहींना मात्र कारणच नाही, हेही त्या चर्चेवरून कळते.

पुणे-नाशिक महामार्गाने मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. कुरुळी आणि शेजारचे निघोजे यांच्या शिवारात चाकण एमआयडीसीचा तिसरा टप्पा आहे आणि मर्सिडीज-बेंझचा कारखाना २००९ मध्ये पिंपरीहून इथे आला. त्याच वर्षी फोक्सवागनचा कारखानाही चाकण परिसरात सुरू झाला. लुफ्तान्साने २००८ मध्ये पुण्याहून फ्रँकफर्टला थेट विमान सुरू केले होते, ते या पट्ट्यातल्या जर्मन उद्योगांची ये-जा लक्षात घेऊनच. प्रशिक्षणासाठी, नव्या मॉडेलच्या चाचण्यांसाठी, यंत्रांच्या खरेदीसाठी इथले अभियंते आणि पुरवठादार कंपन्यांची माणसे परदेशी जातात. तिकीट कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो आणि माइल्स प्रवाशाच्या नावावर जमतात. मग घरात विषय निघतो. आईवडिलांना एकदा काशीला न्यायचे असते, किंवा बाळंतपणाला परदेशातल्या लेकीकडे पाठवायचे असते. माइल्स तर पडून आहेत. ते त्यांच्या नावावर का करू नयेत?

आधी या माइल्सची घडण पाहिली पाहिजे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने तिचे अनुकरण केले. लुफ्तान्साची ‘माइल्स अँड मोअर’ १९९३ ची. प्रवाशाने पुढच्या वेळीही आपल्याकडेच यावे, हा सगळ्यांचा हेतू होता. माइल विमानात बसणाऱ्याच्याच नावावर पडतो, पैसे कोणीही भरलेले असोत. तिथून तो दुसऱ्याच्या उपयोगी आणण्याच्या चार रीती आहेत. पहिली, खाते आपले ठेवून त्यातून दुसऱ्याच्या नावाचे तिकीट काढणे. बहुतेक योजना हे चालू देतात, पण काहींनी माणसे आधी नोंदवण्याची अट घातली आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये असे पाचच नॉमिनी ठेवता येतात. दुसरी रीत कुटुंबाच्या सामाईक खात्याची, म्हणजे पूलची. युनायटेडने मार्च २०२४ मध्ये पाच जणांपर्यंतचा पूल सुरू केला, आणि इतर अनेक कंपन्यांकडेही अशी सोय आहे. तिसरी, शुल्क भरून माइल्स एका खात्यातून दुसऱ्यात वळवणे. हे शुल्क बहुधा इतके असते की वळवलेल्या माइल्सची किंमत त्यातच जाते. चौथी रीत माइल्स विकण्याची. ती जवळजवळ प्रत्येक योजनेत निषिद्ध आहे, आणि खाती बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पहिला प्रश्न स्वत्वाचा. कंपनीच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे माइल्स कोणाचे? जैमिनींच्या पूर्वमीमांसेत याला फार जवळचा सिद्धान्त आहे. यज्ञात मंत्र म्हणणे, आहुती देणे, सोम कुटणे ही सारी मेहनत ऋत्विज करतात. स्वर्गाचे फळ मात्र यजमानाला मिळते. ऋत्विजांचे श्रम दक्षिणा देऊन घेतलेले असतात, म्हणून कर्म त्यांच्या हातून घडले तरी ते यजमानाचेच ठरते. कुरुळीच्या कारखान्याला हे लावले तर कंपनी यजमान होते, अभियंता ऋत्विज होतो, आणि माइल्स कंपनीचे ठरतात. जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने ११ एप्रिल २००६ च्या निकालात नेमके हेच सांगितले: दुसऱ्याचे काम करताना जे हाती आले ते त्याला दिले पाहिजे, म्हणून मालकाने मागितल्यास नोकराने कंपनीच्या खर्चाने मिळालेले माइल्स कंपनीच्याच प्रवासासाठी वापरावेत. त्याआधी, २००२ च्या जुलैमध्ये, सरकारी कामाच्या प्रवासाचे माइल्स खासगी सहलींना वापरल्याचे उघड झाल्यावर बर्लिन राज्याच्या आर्थिक व्यवहार विभागाचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी पद सोडले होते. भारत सरकारचा नियमही याच बाजूचा आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १३ जुलै २०१७ रोजी निघालेल्या प्रवासभत्त्याच्या आदेशानुसार सरकारी प्रवासात मिळालेले माइल्स त्या खात्याच्या सरकारी प्रवासालाच वापरायचे असतात आणि खासगी वापर केल्यास विभागीय कारवाई होऊ शकते. अमेरिकेने उलटी वाट धरली: डिसेंबर २००१ च्या कायद्याने तिथल्या संघीय कर्मचाऱ्यांना असे माइल्स स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली.

यजमानाचा न्याय इतका सरळ असता तर चर्चा इथेच संपली असती. पण प्रवास म्हणजे केवळ दुसऱ्याने विकत घेतलेली मेहनत नव्हे. रात्रीची झोप, घरापासूनचे दिवस, मुलाच्या शाळेतला हुकलेला कार्यक्रम, हे प्रवाशाच्या देहातून आणि आयुष्यातून जाते. तीर्थयात्रेवरच्या निबंधग्रंथांनी ही गोष्ट मोजायचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्याच्या द्रव्याने किंवा दुसऱ्यासाठी जो तीर्थाला जातो त्याला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो, आणि दुसऱ्याच कामासाठी निघून वाटेत तीर्थ घडले तर अर्धे फळ मिळते, असे तिथे सांगितले आहे. आकडे कसे ठरले ते बाजूला ठेवले तरी त्यांतले तत्त्व मोलाचे आहे. खर्च दुसऱ्याचा असला म्हणून चालणाऱ्याचा वाटा शून्य होत नाही.

याच वादाचे कौटुंबिक रूप मराठी माणसाला अधिक ओळखीचे आहे. विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली ती चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत, कल्याणीत, म्हणजे आजच्या सीमाभागातल्या बसवकल्याणात. वडिलार्जित द्रव्याला धक्का न लावता जे मिळवले ते मिळवणाऱ्याचे, पण घराच्या पैशावर मिळवले ते सगळ्यांचे, असा तिथला नियम आहे. यावरूनच पुढे कोर्टात भांडणे उभी राहिली: एकत्र कुटुंबाच्या पैशाने मुलगा वकील झाला, तर त्याच्या वकिलीची कमाई कोणाची? १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने ती कमाई त्याची एकट्याची ठरवली. त्या कायद्याचे विधेयक मुकुंदराव जयकरांनी लावून धरले होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. कायद्यामागचा विचार असा की पैसा घराचा असला तरी बुद्धी आणि कष्ट माणसाचे, आणि त्यांचे फळ त्याच्याकडून काढून घेणे न्यायाचे नाही.

माइल्स यजमानाच्या न्यायाने पाहायचे की विद्याधनाच्या, हे कंपनी आणि नोकर यांच्यात काय ठरले आहे त्यावर आहे. विज्ञानेश्वरांनी स्वत्व हे लौकिक आहे, म्हणजे लोकव्यवहाराने ओळखले जाते, असे ठासून मांडले आहे, आणि इथे तेच लागू पडते. कंपनीला माहीत आहे, तिने हरकत घेतलेली नाही किंवा नियमपुस्तिकेत मोकळीक दिली आहे, अशा ठिकाणी माइल्स हा वेतनाबाहेरचा पण मान्य मोबदला होतो. जिथे स्पष्ट मनाई आहे तिथे ते नोकराकडे ठेवलेली ठेव आहेत. त्या ठेवीतून आईला काशीचे तिकीट काढून देणे हे मातृऋण फेडणे नाही, कारण फेड दुसऱ्याच्या पैशाने झालेली असते. म्हणून वाटपाचा विचार करण्याआधी स्वतःच्या कंपनीचे प्रवासविषयक धोरण वाचणे ही या साऱ्या विषयातली पहिली खबरदारी आहे. खासगी कंपन्यांत ते एकसारखे नसते, आणि शेजारच्या कारखान्यातला मित्र काय करतो यावरून आपल्या कारखान्याचे धोरण कळत नाही.

समजा, कंपनीची हरकत नाही. तरी दुसरा प्रश्न उरतोच: माइल्सचे दान करण्याजोगे स्वत्व प्रवाशाकडे आहे का? दानात दोन गोष्टी घडाव्या लागतात, आपले स्वत्व सुटणे आणि दुसऱ्याचे उत्पन्न होणे. जे आपलेच नाही त्यात पहिलीही घडत नाही. विश्वजित यागात यजमान सर्वस्व देतो. तेव्हा राजाने पृथ्वीही द्यायची का, असा प्रश्न जैमिनींनी काढला आणि नाही असे उत्तर दिले. भूमी सगळ्यांना सारखीच आहे, राजाकडे पालनाचा अधिकार आहे, मालकीचा नाही. नारदस्मृतीत न देण्याजोग्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत मागून आणलेली वस्तू, गहाण, ठेव, सामाईक द्रव्य आणि आधीच दुसऱ्याला कबूल केलेले हे सारे आहे. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, या वस्तूंचे दान होत नाही.

कुरुळीपासून इंद्रायणीच्या वरच्या अंगाला देहू आहे. तुकोबांच्या चरित्रातला कर्जखतांचा प्रसंग या नियमाचे फार सुंदर उदाहरण आहे. महिपतींनी सांगितलेल्या परंपरेप्रमाणे वडिलांच्या वेळची खते तुकोबांना नदीत सोडायची होती, पण धाकट्या भावाचा, कान्होबाचा, त्यांत वाटा होता. तेव्हा खते निम्मी-निम्मी झाली, कान्होबाचा भाग त्याच्याकडे राहिला आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीला दिली. एवढ्या विरक्त माणसानेही सोडले ते स्वतःच्या वाट्याचे. औदार्याला मर्यादा असते आणि ती दुसऱ्याच्या हक्काने आखलेली असते, हे त्या वाटणीत दिसते.

माइल्सच्या बाबतीत ही मर्यादा कागदावर लिहिलेली असते. जवळजवळ प्रत्येक योजनेच्या अटींत म्हटलेले असते की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही, त्यांना रोख मूल्य नाही, कंपनीच्या परवानगीवाचून ते दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि कंपनी नियम बदलू शकते. भारतीय कायद्यातही याला जवळचे तत्त्व आहे: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार ज्या हिताचा उपभोग एखाद्यापुरताच मर्यादित आहे ते त्याला दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. म्हणजे माइल हे वचन आहे, आणि ते एका माणसाला दिलेले आहे. त्या वचनाचे फळ, म्हणजे प्रत्यक्ष प्रवास, आपल्या माणसाला भोगू देता येते. वचन मात्र हातातून हातात देण्याजोगी वस्तू होत नाही. या विषयातल्या बहुतेक अडचणी हा भेद विसरल्याने उभ्या राहतात.

व्यवहारात या भेदाचा उपयोग आहे. तिकीट ज्याला द्यायचे त्याच्या खात्यात माइल्स वळवण्यापेक्षा आपल्याच खात्यातून त्याच्या नावाचे तिकीट काढणे स्वस्त पडते आणि वचनाच्या स्वरूपाशीही जुळते. आईवडील स्वतः विमानाने जाणार असतील तर त्यांची स्वतंत्र सदस्य-खाती आधीच काढावीत, कारण त्यांच्या प्रवासाचे माइल्स मुलाच्या खात्यात पडणार नाहीत. पूल उपयोगी पडतो तो थोडेथोडे माइल्स असलेल्या घरांना. एकेकाचे मुदत संपून गेले असते ते एकत्र आल्यावर कामाला येतात. पण पूलमधून बाहेर पडणे किंवा सदस्य बदलणे यांवर बंधने असतात, आणि घरात फाटाफूट झाली तर कोणाचे किती हे वेगळे काढणे अवघड होते. एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांत जे कष्ट होतात तेच इथेही होतात. नावांचीही काळजी घ्यावी लागते. खात्यावर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरे, कुठे वडिलांचे नाव मधे आहे आणि कुठे नाही, यामुळे तिकीट अडते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या किंवा न बदललेल्या मुलीचे नाते सिद्ध करायला कागद लागतात. माइल्सच्या तिकिटावर कर आणि अधिभार बहुधा भरावेच लागतात, तेही आधी पाहावेत. पासवर्ड आणि ओटीपी भावाला, मेहुण्याला, एजंटाला सांगून ठेवणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे. खात्यातून जे होईल त्याची जबाबदारी खातेदाराची असते.

वचन म्हटले की वचन देणाऱ्यावरही बंधन आले, आणि ही बाजू कंपन्यांच्या अटींत फार फिकी दिसते. जे द्यायचे कबूल केले ते ऋण होते, अशी धर्मशास्त्राची धारणा आहे. कबूल केलेले न देणे हा दोष मानला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दोनदा आला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आधीच जमलेल्या माइल्सवर नव्या अटी लादल्या, त्यावरच्या वोलेन्स खटल्यात १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडले असा दावा प्रवाशाला करता येतो. पण नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्याचा निकाल २ एप्रिल २०१४ रोजी वेगळा लागला. गिन्सबर्ग हे मिनेसोटातले ज्यू धर्मगुरू. ते वारंवार तक्रारी करतात म्हणून कंपनीने २००८ मध्ये त्यांचे वरच्या श्रेणीचे सदस्यत्व काढून घेतले. कंपनीने सद्भावाने वागायला हवे होते, हा त्यांचा दावा न्यायालयाने १९७८ च्या विमानसेवा मुक्तीकरण कायद्याकडे बोट दाखवून एकमताने फेटाळला. लिहिलेले वचन पाळावे लागेल, न लिहिलेला सद्भाव मात्र कोर्टात मागता येणार नाही, असा या दोन निकालांचा मेळ बसतो. कायदा म्हणून तो टिकेल, धर्म म्हणून टिकत नाही. ज्या वचनाच्या भरवशावर माणूस वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे गेला, त्या वचनातला सद्भाव कागदावर नव्हता म्हणून नव्हताच असे म्हणणे अन्यायाचे आहे. तरीही कंपनीचा हा अन्याय सदस्याला नियम मोडण्याची सूट देत नाही. दोघांपैकी एकाने शब्द सैल धरला म्हणून दुसऱ्याचा शब्द सुटत नाही.

तिसरा प्रश्न फळाचा. एकाचे पुण्य दुसऱ्याला पोचते का? जो करतो तोच भोगतो, माणूस एकटा येतो आणि एकटा जातो, हा एक पक्ष स्मृतींत स्पष्ट आहे. पण त्याच परंपरेत, आणि महाराष्ट्राच्या मातीत, दुसरा पक्षही तितकाच जुना आहे. कुरुळीवरून जाणारा महामार्ग ज्या नाशिकला पोचतो तिथल्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीचा लेख आहे. गौतमी बलश्रीने ते लेणे भिक्षूंना दिले. तिच्या नातवाने, म्हणजे पुळुमावीने, लेण्याच्या खर्चासाठी एक गाव दिले आणि त्या दानाचे पुण्य आपल्या वडिलांना अर्पण केले. तिथल्याच बाविसाव्या वर्षीच्या लेखात एका गावाऐवजी दुसरे गाव दिल्याची नोंद आहे, म्हणजे दानाच्या अटी नंतर बदलण्याची उदाहरणेही तितकीच जुनी आहेत. तीर्थात बुडी घेताना आई, वडील, भाऊ, गुरू यांपैकी ज्याचे नाव घ्यावे त्याला फळाचा आठवा हिस्सा मिळतो, आणि जो येऊ शकत नाही त्याची कुशाची प्रतिकृती करून ती तीर्थाच्या पाण्यात बुडवली तरी तेवढेच फळ त्याला पोचते, असे वचन आहे. पंढरपूरला चंद्रभागेत घरच्या एकेकाच्या नावाने बुडी घेणारी माणसे आजही दिसतात. पुळुमावी असो की चंद्रभागेतला वारकरी, देणारा स्वतः कर्ता राहतो आणि ज्याला द्यायचे त्याचे नाव घेतो. आपल्या खात्यातून आईच्या नावाने काढलेले तिकीट याच जातीचे आहे.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार महाभारतातल्या ययातीच्या कथेत आहे, आणि तो दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आला आहे. स्वर्गात आपल्या तोडीचा कोणी नाही असे म्हटल्यामुळे ययातीचे पुण्य सरते आणि तो खाली पडतो. पडतो तो चार पुण्यवान राजांच्या मधोमध. अष्टक, वसुमना, प्रतर्दन आणि शिबी हे त्याच्या मुलीचे मुलगे. चौघेही आपले पुण्यलोक त्याला देऊ करतात. आदिपर्वात तो नाकारतो, कारण दान घेणे क्षत्रियाला शोभत नाही. तेव्हा वसुमना मार्ग काढतो: दान नको असेल तर एका काडीच्या मोलाने विकत घ्या. ययाती तेही नाकारतो. काडी देऊन लोक विकत घेणे ही खरेदी नव्हे, खरेदीचे सोंग आहे, आणि असा खोटा व्यवहार त्याने कधी केलेला नाही. शेवटी हे पाचही जण एकत्रच स्वर्गाला जातात.

उद्योगपर्वात तोच प्रसंग वेगळ्या वळणाने येतो. नातू यज्ञ करत असतात, ययाती त्यांच्यात पडतो, ते पुण्य देऊ करतात आणि तो पुन्हा संकोच करतो. तेवढ्यात त्याची मुलगी माधवी तिथे येते. हे तुमच्या मुलीचे मुलगे आहेत, परके नाहीत, अपत्यांच्या पुण्यात आईवडिलांचा वाटा असतोच, असे ती सांगते आणि स्वतःचे अर्धे पुण्य देते. मागून गालव ऋषी येऊन आपल्या तपाचा आठवा हिस्सा देतात. या वेळी ययाती स्वीकारतो आणि वर जातो. ही माधवी म्हणजे जिला त्याने गालवाच्या गुरुदक्षिणेसाठी दिले होते तीच, हे लक्षात घेतले की तिच्या देण्याची उंची कळते.

दोन्ही पाठ एकत्र वाचले की माइल्सच्या वाटपाची नीती त्यांत स्पष्ट दिसते. नात्याने दिलेले घ्यावे, कारण तिथे आधीच एक वाटा असतो. परक्याने देऊ केलेले घेताना थबकावे. आणि व्यवहाराला दानाचे किंवा दानाला व्यवहाराचे सोंग कधी देऊ नये. माइल्सच्या दलालीत हेच सोंग चालते. दलाल सदस्याला पैसे देतो आणि त्याच्या खात्यातून अनोळखी माणसांची तिकिटे काढायला लावतो. कागदावर ती भेट असते. विमान कंपन्या हे ओळखायला शिकल्या आहेत. एकाच खात्यातून वेगवेगळ्या आडनावांची, एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रवाशांची, घाईघाईने काढलेली तिकिटे दिसली की खाते तपासणीत जाते. मग खाते बंद होते, साठलेले सगळे जाते आणि काढलेली तिकिटे रद्द होतात. सर्वांत वाईट गत त्या प्रवाशाची होते ज्याने दलालाला पूर्ण पैसे मोजलेले असतात आणि विमानतळावर गेल्यावर तिकीटच नसल्याचे ज्याला कळते. वसुमनाची काडी निदान प्रेमापोटी पुढे आली होती. दलालाच्या काडीत तेही नसते, आणि फसतो तो तिसराच.

माइल्स साठवून ठेवण्याचा धोका वेगळा आहे, आणि त्यावरचा आळंदीच्या ज्ञानेश्वरांचा इशारा कुरुळीकरांना जवळचा वाटावा. गीतेच्या नवव्या अध्यायात स्वर्गसुख भोगून पुण्य संपले की पुन्हा मर्त्यलोकात यावे लागते असे सांगितले आहे. ज्ञानेश्वर त्यावर वेश्येच्या दाराचा कठोर दृष्टान्त देतात: पैसा संपला की त्या दाराला हात लावायचीही सोय उरत नाही, तशी क्षीण झालेल्या पुण्याची गत होते. माइल्स अँड मोअरमध्ये श्रेणी किंवा योजनेचे कार्ड नसलेल्या सदस्याचे माइल्स साधारण तीन वर्षांनी बाद होतात. इतर योजनांच्या मुदती वेगळ्या, पण मुदत बहुतेक ठिकाणी आहे. शिवाय विमान कंपनीच बुडू शकते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा किंग क्लबच्या सदस्यांचे पॉइंट निरुपयोगी झाले. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात एतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता, म्हणून ते माइल्स वाचले आणि पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांना नव्या योजनेच्या नियमांत जावे लागले. आईच्या काशीयात्रेसाठी जमवलेले माइल्स दहा वर्षे जपून ठेवण्यात शहाणपणा नाही. तिचे गुडघे चालतात तोवर ते वापरावेत.

ज्ञानेश्वरांनी स्वतः वेगळी वाट दाखवली आहे. नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ पुरा झाल्यावर पसायदानात ते जे मागतात ते साऱ्या प्राण्यांसाठी असते. तिथे नात्याची मर्यादा गळून पडते. माइल्सच्या जगात याला सर्वांत जवळची सोय म्हणजे काही योजनांतून सेवाभावी संस्थांना माइल्स देता येतात ती. ते दान कंपनीच्या संमतीने, उघडपणे होते, आणि त्यात काडीचे सोंग लागत नाही. मुदत जवळ आलेली आणि तिकिटाला अपुरी पडणारी शिल्लक अशी देणे हा तिचा चांगला विनियोग आहे.

सदस्य गेल्यावर काय, हा प्रश्न घराघरांत उशिरा सुचतो. अनेक योजनांच्या अटींप्रमाणे सदस्याच्या मृत्यूबरोबर खाते बंद होते. काही कंपन्या मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे पाहून माइल्स वारसाच्या खात्यात वळवतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग असतो. वडिलांचा पासवर्ड मुलाला ठाऊक असतो आणि त्यांच्या पश्चात तो त्या खात्यातून आईचे तिकीट काढतो, असे घडते. मुलाच्या मनात चोरी नसते. श्राद्धात जिवंत माणूस मृताच्या नावाने देतो, इथे मृताच्या नावाने जिवंताला मिळते, एवढाच फरक त्याला दिसतो. पण वचन ज्याला दिले होते तो राहिलेला नाही, आणि त्याच्या नावाने केलेली मागणी कंपनीच्या दृष्टीने खोटी ठरते. कंपनीला कळवून मागणे हा इथला सरळ मार्ग आहे. मिळाले तर वारसाला उघडपणे मिळते, नाही मिळाले तर तिकिटाचे पैसे भरावे लागतात. ज्यांच्याकडे मोठी शिल्लक आहे त्यांनी वय झाल्यावर ती साठवू नये, पती-पत्नींनी पूलची सोय हयातीतच करून घ्यावी, आणि कोणत्या योजनेत काय आहे याची नोंद बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवावी.